जॉइंट शाफ्टचा मागचा क्रॉस सारखाच का जातोय?

कराडचा_सहाटायर

राम राम मंडळी.

आमची सहा टायर गाडी आहे. चिपळूणच्या बाजूनं जांभा चिरा भरायचा, कुंभार्ली चढायची आणि कराड-विटा पट्ट्यात खाली करायचा, हा धंदा. गाडी वडिलांच्या नावावर, ड्रायव्हर ठेवलेला आहे, सवड मिळाली की मी पण जातो.

दिवाळीच्या तोंडावर डिफरन्शियलकडचा, म्हणजे मागच्या एक्सलकडचा क्रॉस बदलला. (गिअरबॉक्सची ताकद मागं नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, तो क्रॉस.) शिमगा यायच्या आत परत तोच आवाज. गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टक्', रिव्हर्स मारून पुढं घेतली की परत 'टक्'. शिवाय आता चाळीस-पंचेचाळीसच्या पुढं सीटखाली गुरगुर जाणवते, ती आधी नव्हती. मेकॅनिक म्हणतो, "आता अख्खा शाफ्टच बदला." शाफ्टची किंमत ऐकून वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला.

नुसता क्रॉस किट टाकून भागेल का शाफ्ट बदलावाच लागेल? आणि लोकल किटचा दोष असेल का? जाणकारांनी सांगावं.

स्टेफनी

ग्रीस कोण मारतं? ड्रायव्हर, क्लीनर, का देव?

कराडचा_सहाटायर

@स्टेफनी, सर्व्हिसिंगवाला मारतो. मारतो म्हणजे बिलात लिहिलेलं असतं.

गल्लीतला_गॅरेजवाला

घ्या. निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

पाना_बावीस

कोल्हापुरात शिरोलीच्या बाजूला आमचं गॅरेज आहे, आता पोरगा बघतो. भावा, आधी शाफ्ट बदलायचं डोक्यातनं काढ. आधी बघ काय झालंय ते.

गाडी सपाट जागेवर घे, चारी बाजूनं दगड लाव, न्यूट्रल कर, मग हँडब्रेक सोड. आता खाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळ. शाफ्ट थोडा फिरणारच, डिफरन्शियलच्या दातांत खेळ असतो. त्यावर जाऊ नको. नजर क्रॉसवर ठेव. शाफ्टचा कान (क्रॉस धरणारा भोकाचा भाग) हलतोय आणि समोरच्या फ्लँजचा, म्हणजे बोल्टनं जोडलेल्या चकतीचा कान जागेवरच आहे, असं दिसलं तर क्रॉस गेला. दोन्ही कान बरोबर हलले तर क्रॉस ठीक आहे आणि आवाज दुसरीकडनं येतोय. मग पहार घालून खाली-वर उचलून बघ. क्रॉसच्या दांडीवर टोपीसारखा कप असतो, त्याच्या तोंडाशी लालसर भुकटी दिसली तर बघायचीही गरज नाही, आतल्या सुया (बारीक रोलर) कोरड्या पडून गंजल्यात.

क्रॉस निघाला की त्याच्या चार दांड्यांवर नखं फिरव. गुळगुळीत असायला पाहिजे. नखाला बारीक बारीक रेघा लागल्या, सुयांच्या मापाच्या, तर तो क्रॉस ग्रीस लावून परत वापरायचा नाही. त्या खाचांत सुया बसतात आणि तिथंच टकटकतात.

आता मेन गोष्ट. नवीन कप योकच्या (शाफ्टच्या दुबेळक्या टोकाच्या) कानात बसवताना कसा जातो ते बघ. प्रेसनं किंवा वाईसनं दाबत दाबत गेला पाहिजे. नुसत्या अंगठ्यानं आत गेला तर कानाचं भोक मोठं झालंय. क्रॉस जातोय म्हणून शाफ्ट किंवा योक बदलायचा तर तेवढ्या एका कारणासाठी, नाहीतर नाही. भोकात पंच मारून खरबरीत करणारे आणि थंड्याच्या डब्याचा पत्रा कापून भरणारे महाभाग आहेत. घाट उतरेपर्यंत चालतं ते.

वणीचा_कोळसा

पाना_बावीस काका, मान्य आहे तुमचं, पण प्रेस आन् वाईस सगळीकडं कुठून आणता? आम्ही वणी-चंद्रपूर लायनीवर रोडच्या कडेलाच बसून क्रॉस बदलतो. हातोडा, एक मोठा सॉकेट टेकायला, एक छोटा सॉकेट ठोकायला. अर्ध्या तासात काम खल्लास. वर्षानुवर्षं चालू आहे भाऊ.

पाना_बावीस

ठोकायला माझा विरोध नाही, कुठं ठोकता त्याला आहे. शाफ्टच्या नळीवर एक जरी हातोडा पडला आणि पोचा आला, की बॅलन्स गेला. त्या नळीवर चौकोनी पत्र्याचे तुकडे वेल्डिंग केलेले असतात बघा, ते बॅलन्सचे वजन आहे. आमच्याकडं एकानं "कचरा चिकटलाय" म्हणून छिन्नीनं काढला होता.

आणि ठोकताना कपातली एखादी सुई आडवी होऊन तळाला पडते. मग कप पूर्ण आत जात नाही, कप धरून ठेवणारी रिंग, म्हणजे लॉक, खाचेत बसत नाही. अशा वेळी आपला माणूस काय करतो? अजून जोरात ठोकतो. सुई मोडते, कप चिरतो, लॉक कसंबसं अर्धं बसतं. कप परत बाहेर काढ, सुया मोज, ग्रीसमध्ये चिकटवून गोल उभ्या कर आणि मग घाल. पाच मिनिटांचं काम आहे.

वणीचा_कोळसा

हे मात्र खरं आहे. आडव्या सुईनं लय रडवलं आहे आमाले.

झोपाळू_खेकडा

ट्रकशी माझा संबंध 'हॉर्न ओके प्लीज' वाचण्यापुरता. तरी धागा सोडवत नाहीये. वाचनखूण साठवली.

हिशोबवाली

माझं कळंबोलीत स्पेअर्सचं काउंटर आहे, नवरा आणि मी मिळून सांभाळतो. किटबद्दल थोडं लिहिते.

गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "सहा टायरचा क्रॉस द्या." अहो, एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या मापाचे क्रॉस आलेत. जुना क्रॉस हातात घेऊन या. दोन गोष्टी मोजायच्या: कपाचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या तळापासून तळापर्यंतची लांबी. व्हर्नियर आमच्याकडं असतो. अर्धा मिलिमीटरचा फरक असला तरी क्रॉस बसल्यासारखा वाटतो, पण एक तर लॉक बसत नाही किंवा आत खेळ राहतो.

लोकल सगळंच वाईट नसतं, पण नकली ही वेगळी जात. डब्बा हुबेहूब, आतला माल मऊ. क्रॉसच्या दांडीला वरचा थर कडक केलेला लागतो. कानस हळूच ओढली तर चांगल्या मालावरून ती घसरते, नकलीवर ओरखडा उठतो. (दुकानात येऊन नव्या मालावर हा प्रयोग करू नका, आधी पैसे द्या!)

आणि सीलकडं बघा. कपाच्या तोंडाचं रबर पातळ असेल तर पहिल्याच पावसात पाणी आत. कोकणात गाडी चालवणाऱ्यानं तिथं काटकसर करू नये.

बिनपगारी_अभियंता

मूळ प्रश्नातल्या एका गोष्टीकडं कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. "गुरगुर आधी नव्हती." म्हणजे क्रॉस बदलल्यानंतर सुरू झाली. माझा संशय क्रॉसवर नाही, बसवण्यावर आहे.

थोडं खोलात जातो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादाकडं वळा. हा सांधा कोनात फिरतो तेव्हा एक गंमत होते. गिअरबॉक्सकडची बाजू एकसारख्या वेगानं फिरत असली तरी पलीकडची बाजू एका फेऱ्यात दोनदा पुढं पळते आणि दोनदा मागं रेंगाळते. कोन ५ अंश असेल तर हा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, १० अंशाला दीड टक्का, २० अंशाला सहा टक्के. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधा असतो. एकानं केलेली गडबड दुसरा निस्तरतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्हीकडचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे कान एका रेषेत हवेत.

ही दुसरी अट आपल्याकडं मोडते. शाफ्टच्या मध्ये सरकता जोड असतो, स्प्लाइनवर (लांब दातांवर) मागं-पुढं होणारा. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबले-उठले की लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून. क्रॉस काढताना मेकॅनिक तो ओढून वेगळा करतो आणि नंतर जसा हाताला येईल तसा घुसवतो. एकदोन दात इकडं-तिकडं झाले की कान तिरपे. आता दुसरा सांधा गडबड निस्तरायच्या ऐवजी त्यात आपली भर घालतो. कान काटकोनात बसले तर फरक जवळजवळ दुप्पट.

आकडाच हवा असेल तर, १०.००-२० टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ताशी ६० ला चाकाचे मिनिटाला सुमारे ३१० फेरे. मागच्या एक्सलचं गुणोत्तर ६ धरलं तर शाफ्टचे साडेअठराशेच्या वर. एका फेऱ्यात दोन धक्के, म्हणजे मिनिटाला पावणेचार हजाराच्या घरात. त्या सुया ते खाताहेत.

धागाकर्त्यांनी खाली जाऊन एवढंच बघावं: मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान एका पातळीत आहेत का. जोडावर दोन बाण किंवा खुणा असतात, त्या समोरासमोर हव्यात.

गल्लीतला_गॅरेजवाला

अभियंता साहेब, लिहिलंय भारी, पण ग्रीस नसेल तर बाण समोरासमोर ठेवून काय आरती करायची?

बिनपगारी_अभियंता

ग्रीस नको असं कुठं म्हटलंय? दोन्ही लागतं.

घाटवळण

माझ्या मते ना ग्रीस ना बाण. खरं कारण चिरा. पासिंगच्या (मंजूर वजनाच्या) वर भरायचा आणि कुंभार्लीत पहिल्या गिअरला ओढायचा. २०१८ ला सरकारनं चार टायरच्या एक्सलचा भार १०.२ टनांवरून ११.५ टन केला, तेव्हा सगळे खूश. पण जो आधी दोन टन जादा भरत होता तो आता नव्या आकड्याच्या वर दोन टन भरतो. क्रॉस तोच राहिला.

कराडचा_सहाटायर

@घाटवळण, दादा, पासिंगमध्ये भरून भाडं परवडत नाही हे तुम्हाला पण माहीत आहे.

घाटवळण

माहीत आहे म्हणूनच बोलतोय, माझ्या पण दोन आहेत.

बिनपगारी_अभियंता

घाटवळण यांचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. इंजिनाची ताकद ४०० न्यूटन-मीटर धरा, पहिला गिअर साधारण ७ पट वाढवतो, म्हणजे शाफ्टवर २८००. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला २८५ किलो वजन लटकवल्यासारखं. चढावर गाडी थांबलेली असताना क्लच झटक्यानं सोडला तर त्याहून जास्त. लोडपेक्षा हा झटका क्रॉसला लवकर मारतो. ड्रायव्हर कसा उचलतो गाडी?

कराडचा_सहाटायर

ड्रायव्हर मामा जुने आहेत, पायानं हळू. तो प्रश्न नाही.

बाकी एकेक उत्तर देतो. सरकता जोड मागच्या वेळी वेगळा केला होता, हे मला पक्कं आठवतंय, कारण त्याचं रबर फाटलं म्हणून नवीन आणायला मीच गेलो होतो. आणि एक सांगायचं राहिलं, त्याच सुमाराला मागं एक-एक पाटा वाढवलाय.

पाना_बावीस

आता आलास लायनीवर! पाटा वाढवला म्हणजे रिकाम्या गाडीचा मागचा भाग वर उचलला. शाफ्ट जास्त तिरपा झाला. चिपळूणला जाताना रिकामाच जातोस ना? अख्खा घाट तिरप्या शाफ्टवर.

बिनपगारी_अभियंता

काका, इथं मी थोडा वेगळा आहे. पाटा वाढवून शाफ्ट तिरपा झाला तरी पुढचा आणि मागचा कोन बरोबरीनंच वाढतो, त्यामुळं गडबड बऱ्यापैकी निस्तरली जाते. पाटा बसवताना पाटे आणि एक्सलच्या मधली पाचर उलटी गेली किंवा गाळली गेली, तर मात्र डिफरन्शियलचं तोंड वर-खाली होतं आणि दोन कोन वेगळे पडतात. बघायचं असेल तर ते बघा.

पाना_बावीस

कागदावर बरोबरीनं वाढतो. पाट्याचा रबर-बुश चेपलेला, शाफ्टला मध्ये धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचा रबर लोंबलेला, चॅसी चिऱ्यानं वाकलेली. खाली येऊन बघा एकदा, मग बोलू. पाचरीचं मात्र बरोबर आहे तुमचं, ते तपासायलाच पाहिजे. सेंटर बेअरिंग पण. कान तिरपे असतील तर त्याचा रबर पहिला मरतो.

झोपाळू_खेकडा

दोन्ही बाजूंनी सांधे हलायला लागलेत. पॉपकॉर्न आणतो.

माहेर_मिरज

अवांतर होईल, पण भीती म्हणून सांगते. माझ्या सासऱ्यांची गाडी होती. पुढच्या बाजूचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला. शाफ्टचं पुढचं टोक खाली पडून डांबरात रुतलं आणि गाडीचा मागचा भाग उचलून आपटला. सपाट रस्ता आणि वेग कमी म्हणून सगळे वाचले. मागचं टोक तुटलं तर शाफ्ट निदान फरफटत येतो, पुढचं तुटलं तर भाल्यासारखा रोवतो. तुटलेला शाफ्ट खाली पडू नये म्हणून शाफ्टखाली लोखंडी पट्टीचं कडं असतं ते कित्येक जण खडखडतो म्हणून काढून टाकतात. काढू नका.

वणीचा_कोळसा

ताई बरोबर सांगून राहिल्या. आन् अजून एक. शाफ्ट खोलायच्या आधी चाकाले दगड लावाच. शाफ्ट निघाला की गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली काय आन् न्यूट्रल काय, चाकाचा इंजिनाशी संबंधच संपला. जुन्या विलीज जीपचा हँडब्रेक तर शाफ्टवरच असे, ट्रान्सफर केसच्या मागं. शाफ्ट काढला की तोबी गेला. आता एअरब्रेकच्या गाड्यांत हवा नसली की मागचे ब्रेक आपोआप धरतात, पण तपासताना आपणच ते सोडून खाली घुसतो ना!

टोरांटो_टांगा

नमस्कार, मूळचा बारामतीचा, इथं कॅनडात ट्रेलर चालवतो. इकडं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते क्रॉसच्या सीलमधून आत जाऊन सुया खातं. म्हणून ग्रीसच्या बाबतीत फार कडक असतात. गन लावली की चारही कपांच्या सीलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप करायचा. तीनमधून आलं आणि चौथ्यातून नाही आलं, तर तो कप कोरडा आहे. शाफ्ट हलवून, थोडा फिरवून परत मारायचं. तरी नाही आलं तर क्रॉस काढायचा.

स्टेफनी

+१. हेच विचारायचं होतं मला पहिल्याच प्रतिसादात. आमच्याकडं एका कपातून ग्रीस दिसलं की "झालं शेठ" म्हणतात. ग्रीस पण कोणतं? बादलीतलं पिवळं काहीही चालत नाही, लिथियमचं जड कामाचं, दोन नंबर घट्टपणाचं घ्या.

गल्लीतला_गॅरेजवाला

आणि बसवताना निपलची (ग्रीस आत जायच्या नळीची) तोंडं बघून बसवा. दोन्ही क्रॉसचे निपल आणि सरकत्या जोडाचा निपल एकाच बाजूला आले तर गाडी एका जागी उभी करून तिन्ही मारता येतात. नाहीतर एक खाली, एक वर चॅसीकडं, गन पोचत नाही आणि ग्रीसवाला तो निपल सोडून देतो. कुणी विचारत पण नाही. निपल कानाच्या पोकळीत अडकेल असा बसवला तर सांधा पूर्ण तिरपा झाला की मोडतो, ते वेगळं.

इतिहासाचा_गडी

अवांतर: हा सांधा बराच जुना. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्डानोचं नाव त्याला लावतात, सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं त्याचा वापर करून दाखवला. मोटारींना उघड्या साखळ्या होत्या तेव्हा अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर या विद्यार्थ्यानं १९०३ मध्ये मोटारीसाठी त्याचं पेटंट घेतलं आणि १९०४ पासून कारखाना काढला. हिशोबवाली यांच्या काउंटरवर त्याचं नाव अजून दिसत असेल.

हिशोबवाली

दिसतं की, डब्यावर. खऱ्या आणि खोट्या, दोन्ही डब्यांवर!

कराडचा_सहाटायर

मंडळी, आज गाडी घरी होती. वडील, मामा आणि मी खाली शिरलो. सांगतो काय दिसलं ते.

खुणा शोधायला वेळ गेला, कारण शाफ्टवर मागच्या वेळी काळा रंग मारून दिला होता. वायर ब्रशनं घासलं तेव्हा एक बाण दिसला. दुसरा बाण त्याच्या समोर नव्हता, पार बाजूला होता. मग दोन्ही टोकांच्या कानांवर एक-एक सरळ पट्टी धरून मागून बघितलं, तर पट्ट्या उघडउघड तिरप्या. मामा म्हणाले, "हे तर नुसत्या डोळ्यांनी दिसतंय, त्या पोरानं रंग मारायला डोळे वापरले फक्त."

पाचर बरोबर आहे. सेंटर बेअरिंगचा रबर एका बाजूनं सुटलाय. ग्रीसची गन लावली तर मागच्या क्रॉसच्या दोन कपांतून आलं, दोन कोरडे. कान पिळून बघितला, क्रॉसमध्ये खेळ आहेच.

बिनपगारी_अभियंता

फक्त एवढंच म्हणतो: पट्टीचा फोटो हवा होता.

पाना_बावीस

म्हणा साहेब, हक्क आहे तुमचा. सेंटर बेअरिंगचा रबर मी सांगितला होता हे पण लिहून ठेवा.

कराडकर, आता असं कर. खोलायच्या आधी फ्लँज आणि योक या दोन्हींवर पंचानं एक-एक टिंब मार, म्हणजे जसा होता तसाच बसेल. खडूनं खूण करू नको, डिझेलनं धुतलास की गेली. शाफ्ट एका टोकाला लोंबकळत सोडू नको, दोरीनं चॅसीला बांध, नाहीतर दुसऱ्या क्रॉसवर ताण येतो. लॉक गंजून बसलं असेल तर कपाला आतल्या बाजूला जरा हलकी टिचकी दे, दाब सुटतो आणि लॉक फिरतं. कानाला गॅस लावू देऊ नको कुणाला, तापवलं की धातूचा कडकपणा जातो. नवीन कप बसले की योकच्या कानांवर तांब्याच्या किंवा पितळेच्या तुकड्यानं हलकेच ठोक, क्रॉस मोकळा होतो. हातानं दोन्ही दिशांना फिरला पाहिजे. एका दिशेला घट्ट वाटला तर लॉक परत बघ. फ्लँजचे नट-बोल्ट नवे घाल, नायलॉकचे, आणि टॉर्क पान्यानं आवळ. दोन-तीन फेऱ्या झाल्या की परत एकदा आवळून बघ.

आणि सरकता जोड घालताना बाण समोरासमोर. रंग मारायचाच असेल तर बाणांवर पांढरा मार.

कराडचा_सहाटायर

किट, सेंटर बेअरिंग आणि बोल्ट आणले. या वेळी जुना क्रॉस हातात घेऊन गेलो होतो, दुकानदारानं व्हर्नियर काढला. कप वाईसमध्ये दाबून गेले, भोकं चांगली आहेत, म्हणजे शाफ्ट वाचला. वडील खूश.

एका भरतीची फेरी झाली. गुरगुर गेली. 'टक्' अजून अगदी बारीक येते, पण पाना_बावीस यांनी सांगितल्यासारखं पिळून बघितलं तर दोन्ही कान बरोबर हलतात.

पाना_बावीस

मग ती डिफरन्शियलच्या दातांची. तेल बघ, पातळी आणि रंग. ड्रेन प्लगला किती कीस चिकटलाय ते बघ. बाकी चालू दे.

झोपाळू_खेकडा

माझ्या मारुती ८०० मधून पण वळताना 'कट-कट' येतं. क्रॉस गेला असेल का?

गल्लीतला_गॅरेजवाला

तिला हा क्रॉस नसतोच, पुढच्या चाकाचा सीव्ही जॉइंट असेल. वेगळा धागा काढा, येतो तिकडं.